साळखात्यातले कान

निखिल, माझ्या धाकट्या भावाचा नातू, परळच्या एका टॉवरमध्ये तेविसाव्या मजल्यावर राहतो. त्या जागेवर पूर्वी आमची गिरणी होती. मी तिथे वायंडिंग खात्यात सुताच्या बॉबिनी भरायचे आणि माझे बाबा साळखात्यात, म्हणजे जिथे कापड विणायचे लूम असत तिथे, दोन लूम चालवायचे. हे मी निखिलला दर भेटीत सांगते आणि तो दर भेटीत “हो ना आजी” म्हणतो. परवा गेले तेव्हा त्याच्या दिवाणखान्यात माझ्या खांद्याएवढे दोन स्पीकर उभे होते, आणि एक साऊंडवाला तरुण दोन निरनिराळे ॲम्प्लिफायर घेऊन बसला होता. ह्या स्पीकरना त्यातला कुठला जुळतो ते ऐकून ठरवायचं होतं.

पहिला लावला. एका बाईचं गाणं होतं. आवाज स्वच्छ, नुकती कल्हई केलेल्या भांड्यासारखा चकचकीत. पण ती बाई जेव्हा जेव्हा ‘स’ म्हणायची तेव्हा तेव्हा माझा डावा डोळा आपोआप मिटायचा. ते साऊंडवाल्याने पाहिलं.

“आजी, त्रास होत असेल तर आत बसा ना,” तो म्हणाला. “हे जरा टेक्निकल आहे.”

मी काही उठले नाही. “स्पीकर किती ओहमचे?” मी विचारलं.

“आठ,” तो म्हणाला आणि निखिलकडे बघून हसला.

“आठ पाठीवर लिहिलेले असतात. वाजताना उतरून किती होतात? आणि उतरले की तुझ्या ह्या डब्याला दम पुरतो का?”

तो हसायचा थांबला आणि दुसरा ॲम्प्लिफायर जोडायला लागला. जोडता जोडता निखिलला सांगत होता, ह्याचा आवाज उबदार आहे, तासन्‌तास ऐकलं तरी कान शिणत नाहीत, म्हणून तर ह्याची किंमत अशी आहे. म्हणजे कान न शिणणं ही आता श्रीमंतांची हौस झाली! मला राग आला. तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

कान शिणणं म्हणजे काय ते ज्याला कळून घ्यायचं असेल त्याने साळखात्यात एक पाळी उभं राहून यावं, असं मी म्हटलं असतं. पण आता जाणार कुठे? तिथे पोहण्याचा तलाव आहे. आमच्या वेळी तिथे शेकडो लूम एका छपराखाली धडधडत. त्या आवाजात ओरडूनही उपयोग नसे, म्हणून साळखात्यातली माणसं ओठांनी बोलत. घशातून आवाज न काढता, ओठ नीट उघडून मिटून. बाबा आणि त्यांच्या शेजारच्या लूमवरचे सखाराम गावडे वीस वर्षं असे बोलले. कोकणातल्या भातापासून जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मिशीपर्यंत सगळ्या गप्पा त्या दोघांनी मुक्यानेच केल्या. लालबागच्या आमच्या चाळीत संध्याकाळी सखारामकाका आले की दोघं गॅलरीत समोरासमोर बसत आणि तिथेही त्यांचे नुसते ओठ हलत. पलीकडच्या खोलीतली नवी सून आईला विचारून गेली होती, हे दोघं भांडलेत का म्हणून.

बाबांना ऐकू येत नव्हतं असं नाही. लूमने खाल्लेल्या कानांची तऱ्हाच वेगळी. हळू बोललेलं पोचत नाही आणि मोठं सोसत नाही. मध्ये एक अरुंद पायवाट उरते, तिच्यावरून शब्द नेमका चालत आला तरच घरात शिरतो. एरवी बाबा आमचे ओठ वाचून भागवत. गिरणगावात असे कान घरोघर होते. कोणी त्याला आजार म्हणत नसे. बाबांच्या बंडीला सुताचा कोंडा चिकटलेला असे आणि सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास येत असे. कान गेले तेही त्यातलंच, कामाबरोबर अंगाला लागलेलं.

मग संयुक्त महाराष्ट्राची ती वर्षं आली. भिंती चुन्याने रंगल्या. “झालाच पाहिजे” ही घोषणा पोरासोरांच्या खेळात शिरली. सांडगे वाळत घालणाऱ्या बायका गच्चीवरून खालचे मोर्चे बघत आणि हातातलं काम न सोडता ओरडायला लागत. मीही ओरडले आहे. माझा आवाज बरा होता. आणि त्याच दिवसांत, एका दुपारी, सखारामकाका कामावरून सुटून घरी यायला निघाले आणि आले नाहीत. पोलिसांचा गोळीबार झाला होता. बाबांनी त्यांना शेवटचं पाहिलं तेव्हा ते गिरणीच्या दारातून काहीतरी सांगत होते. मध्ये माणूस आडवा आला आणि बाबांना ओठ दिसले नाहीत. ते काय म्हणत होते, ह्याचा विचार बाबा आयुष्यभर करत राहिले.

श्रद्धांजलीची सभा काळाचौकीच्या मैदानात झाली. गेलेल्यांची नावं मोठ्याने वाचली जाणार होती. बाबा धुतलेली टोपी घालून, मला आणि माझ्या धाकट्या भावाला, दिनाला, घेऊन पुढे जाऊन बसले. खांबावर लाउडस्पीकरचे दोन मोठे कर्णे बांधलेले. लाउडस्पीकरला ओठ नसतात. कर्णा किंचाळला तसे बाबांनी दोन्ही कानांवर हात दाबले, आणि नावं सुरू व्हायच्या आत ते उठून गर्दीतून वाट काढत बाहेर निघाले. मागून कोणीतरी म्हणालं, “म्हातारा घाबरला बघ!” बाबांना ते ऐकू आलं नाही. मला आलं.

घरी आल्यावर त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, “सखारामाचा नाव वाचल्यानी?”

“वाचलं बाबा,” मी म्हटलं. रस्त्यावर पोचेपर्यंत मला ते कर्ण्यातून ऐकू आलं होतं.

“माका ता ऐकूचा होता,” ते म्हणाले. “कर्णो नुसत्यो सुयो मारता. आवाज येता, शब्द येणा नाय.”

त्यांनी जन्मात आमच्याकडे काही मागितलं नव्हतं. हेही मागितलं नाही, नुसतं सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा सभा होणार होती आणि पुन्हा नावं वाचणार होते. दिनाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

दिना तेव्हा वीस वर्षांचा, गिरगावात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला. तिथे मोठ्या घरांतले रेडिओग्राम येत, रेडिओ आणि ग्रामोफोन एकाच पेटीत, सागवानी, पॉलिश केलेले. त्यांचा आवाज तो घरी येऊन आम्हाला वर्णन करून सांगायचा. जेवताना हात वाळेपर्यंत सांगायचा. “ताई, माणूस बाजूला बसून बोलतोय असं वाटतं गं. कानाला धक्काच लागत नाय.” त्याने मालकांना विचारलं, असा आवाज सभेला का नाही होत? मालक हसले. म्हणाले, “अरे, लालबाग-परळला कशाला हवं असलं? त्यांना मोठा असला की झालं. तिथल्या कानांना काय फरक कळतोय?”

हे दिनाने घरी येऊन सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. ती पोळी करपली. फरक कळत नाही! ज्यांचे कान सगळ्यांत जास्त दुखावले आहेत त्यांनाच सगळ्यांत वाईट आवाज, आणि वर म्हणायचं त्यांना कळत नाही. मी दिनाला म्हटलं, “काय काय लागतं ते सांग. आपण करू.”

ते वर्ष मला वासांनी आठवतं. सोल्डर लावताना जळणाऱ्या राळेचा वास, रेडिओचे काचेचे व्हॉल्व्ह तापले की त्यांच्यावरच्या धुळीचा येणारा वास, आणि खालच्या मजल्यावर कोणीतरी सुकट भाजत असल्याचा वास, हे तिन्ही आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एकमेकांत मिसळत. आई नाक मुरडायची पण खिडकीतली जागा तिनेच मोकळी करून दिली. दिनाने मोडक्या रेडिओंच्या भागांतून एक ॲम्प्लिफायर जोडायला घेतला आणि लोकांनी टाकून दिलेले चार स्पीकर जमवले. त्यांचे कागदी पडदे कडेला फाटलेले होते. ते आम्ही गिरणीतल्या तलम कापडाच्या चिंध्या खळीत बुडवून सांधले. चहाच्या खोक्यांच्या पेट्या केल्या आणि आत टाकाऊ कापूस भरला. एक मोठा कर्णा खांबावर टांगून सगळ्यांच्या डोक्यावर ओरडण्यापेक्षा चार पेट्या माणसांच्या मध्ये ठेवायच्या आणि त्यांनी हळू बोलायचं, असा दिनाचा बेत होता. चौघांना तारेने असं जोडायचं की ॲम्प्लिफायरला वाटावं, समोर एकच आहे.

पण खरी मेख ट्रान्सफॉर्मरमध्ये होती. “गिरणीत मोठ्या चाकाचा पट्टा लहान चाकावर चढवला की वेग बदलतो ना ताई, तसंच. व्हॉल्व्हचा जोर स्पीकरला झेपेल असा करून द्यायचा.” बाजारात मिळणारे ट्रान्सफॉर्मर कसेतरी गुंडाळलेले असत आणि आवाज तिथेच चरचरीत व्हायचा. दिनाने एका रेडिओग्राममधला जळका ट्रान्सफॉर्मर उलगडून पाहिला होता. आत घडीच्या पोळीसारखे पदर होते. थोडी बारीक तार, मग जाड, मग पुन्हा बारीक, प्रत्येक थरात पातळ कागद, आणि एक वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. हजारो वेढे. “असं गुंडाळणारा हात आणायचा कुठून?” तो म्हणाला.

मी त्याच्यासमोर माझा हात धरला. दिवसभर सूत गुंडाळणाऱ्या बाईला हा विचारतोय!

हाताने फिरवायचं ड्रिल फळीला ठोकलं आणि मी बसले. शंभर वेढे झाले की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. केसाहून थोडी जाड तांब्याची तार बोटांतून जाताना गार लागायची. सुताला मऊपणा असतो, तार ताठ. पण ताण ओळखायला माझी बोटं शिकलेली होती. पाळी संपवून यायचं, चहा घ्यायचा, उजेड आहे तोवर गुंडाळायचं. दिना म्हणाला, दुकानातल्या मशीनवर इतकं साफ होत नाही. मी मान वर केली नाही, पण ऐकलं सगळं.

सभेला आठ दिवस उरले तेव्हा आम्ही जोडणी करून पाहिली. पेटी खोलीत, बाबांच्या पुढ्यात. दिना माइक घेऊन गॅलरीच्या पार टोकाला, पाठ करून उभा. बाबांना त्याचे ओठ दिसणार नव्हते.

“बांगडा,” पेटीतून दिना बोलला. आवाज मोठा नव्हता. बाजूला बसलेल्या माणसासारखा होता.

“बांगडो,” बाबा म्हणाले.

“सुरमई.”

“सुरमय.”

“पेडवे.”

“पेडवे,” बाबा म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती वर्षांनी, कोणाच्या तोंडाकडे न बघता त्यांना शब्द मिळत होता. ते पुढच्या माशासाठी थोडे वाकले. पेटीत चरचर झाली, एकदा, दोनदा, आणि मग काहीच नाही. दिना तिकडे बोलतच होता. बाबा वाट बघत राहिले. मग पाठीमागे टेकले आणि हळूच म्हणाले, “ग्येले. कान ग्येले माझे.”

“नाही बाबा, मशीन बिघडलं!” मी त्यांच्या समोर जाऊन ओठ उघडून सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता.

दिनाने व्हॉल्व्ह बदलून पाहिले, सगळे सांधे तपासले. त्याला काही सापडेना. मला मात्र ठाऊक होतं. सहाव्या चिंचोक्याच्या आसपास तार तुटली होती. सूत तुटलं की वायंडिंगवाली काय करते? गाठ मारते आणि पुढे जाते. डोळ्याला दिसणार नाही अशी, बोटाला लागणार नाही अशी गाठ. त्या गाठीचा मला अभिमान होता. मी तशीच तारेला मारली आणि कौतुकाने पुढचे वेढे घातले.

“तुटली होती,” मी म्हटलं. “मी गाठ मारली.”

दिना माझ्याकडे बघतच राहिला. “ताई, सूत वाटलं काय तुला? तार आहे ती! तिच्यावर वार्निशचा थर असतो. खरवडल्याशिवाय वीज जाईल कशी? आतापर्यंत नुसती टेकून टेकून चालली असेल.” मग माझा चेहरा बघून त्याचा आवाज खाली आला. “राहू दे. दुकानातनं गुंडाळून आणतो. व्हायचं तसं होऊ दे.”

“हात लावू नकोस,” मी म्हटलं. “माझी गाठ, मीच सोडणार.”

त्या गिरगावच्या मालकाच्या दुकानात माझ्या बाबांच्या कानांचं काम जाऊ द्यायचं नव्हतं मला. आख्खा ट्रान्सफॉर्मर उलगडला. सोडवलेली तार आईने दोन हातांवर लोकरीसारखी धरली. गाठ सापडली, इतकी बारीक की दिनाला दाखवावी लागली. ती कापली, ब्लेडने दोन्ही टोकं तांब्यापर्यंत खरवडली, पिळली, सोल्डर केली, वर कागद. आणि पुन्हा पहिल्या वेढ्यापासून. रविवार त्यातच गेला, पुढचे दिवस पाळी सुटल्यावर. बोटांची सालं निघाली. चुकले ते चुकले. पण चुकण्याचा हक्क काय फक्त इंजिनियर लोकांनाच आहे? घर चालवायला, गिरणी चालवायला आमचे हात चालतात, मग आवाज घडवायलाच कसे चालत नाहीत?

सभेच्या दिवशी आम्ही हातगाडीवर चार पेट्या घालून मैदानात गेलो. व्यवस्था बघणारा कार्यकर्ता आमच्या ओळखीचा होता, तरी चहाची खोकी बघून तो हसला.

“हे वाजणार? अरे दिना, हजारो माणूस येणार आहे. कर्णे आहेत की.”

“कर्णे राहू द्या तुमचे,” मी म्हटलं. “फक्त ह्या कोपऱ्याकडचा दुसरीकडे फिरवा. इथे साळखात्यातली माणसं बसणार.”

“बाई, एका कोपऱ्यासाठी...”

“ज्यांचा जोडीदार गेला त्यांनाच त्याचं नाव ऐकू येणार नसेल, तर वाचताय कोणासाठी?”

त्याने वर चढलेल्या माणसाला हाक मारली आणि कर्णा फिरवायला लावला. दिनाने मंचावरच्या माइकची तार आमच्या ॲम्प्लिफायरपर्यंत ओढून आणली.

इथपर्यंत मी परवा त्या दिवाणखान्यात निखिलला सांगितलं होतं. साऊंडवाला वायर हातात धरून तसाच बसला होता. निखिलने विचारलं, “मग आजी, पणजोबांना ऐकू आलं?”

उन्हं उतरली होती. त्या कोपऱ्यात पन्नास-साठ म्हातारे विणकर जमले, एकमेकांशी मुक्याने बोलत. मैदानभर कलकलाट आणि तेवढा तुकडा शांत, नुसते हलणारे ओठ. बाबा पेटीला लागून बसले. त्यांनी तिच्यावर तळवा ठेवला होता. भाषणं सुरू झाली तेव्हा एकेकाचे ओठ हलायचे थांबले आणि माना पेटीकडे वळल्या. कोणीही कानावर हात नेला नाही. मी तेवढंच बघत होते.

मग नावं. वाचणारा एका दमात वाचत होता. पहिलं, दुसरं, तिसरं. आणि मग पेटी म्हणाली, “सखाराम गावडे.”

बाबा उठून उभे राहिले आणि ओरडले, “हजर!”

साळखात्यात सकाळी जॉबर हजेरी घ्यायचा. शेजारचा अजून पोचला नसेल, धावत येत असेल, तर त्याच्या नावाला आपण ‘हजर’ म्हणायचं आणि त्याचा खाडा वाचवायचा, अशी तिथली रीत होती. बाबांनी सखारामकाकांसाठी ते कितीदा म्हटलं असेल. वाचणारा गोंधळून थांबला. सगळं मैदान आमच्या कोपऱ्याकडे बघायला लागलं. त्याने दबकत पुढचं नाव घेतलं, आणि आमच्यातला दुसरा म्हातारा उठला. “हजर!” त्या गेलेल्या माणसाला तो ओळखतही नसेल. पुढच्या नावाला तिसरा उठला. शेवटी वाचणारा प्रत्येक नावानंतर थांबून उत्तराची वाट बघायला लागला.

सभा सुटल्यावर एक हवालदार वही घेऊन आमच्याकडे आला. पहिला कोण ओरडला म्हणून त्याने विचारलं. दिना पुढे झाला, मीही झाले, पण बाबांनी आम्हाला हाताने मागे सारलं. हवालदाराच्या तोंडाकडे नीट बघत ते उभे राहिले.

“नाव काय?” हवालदार म्हणाला.

“सखाराम गावडे,” बाबा म्हणाले.

तो लिहायला लागला. बाबांनी वाकून वहीत पाहिलं. “मोठ्या अक्षरात लिव,” ते म्हणाले. “लांबसून दिसाक व्हया.”